साळुंखे भाऊंचं रेगेन्सबुर्ग

"ताई, मागे व्हा. तुम्ही नदीत उभ्या आहात."

साळुंखे भाऊ माझ्याशी जे पहिलं वाक्य बोलले ते हे. मी आमच्या घरापुढच्या डांबरी रस्त्यावर कचऱ्याचा डबा ढकलत होते. अमेरिकेत शॉमबर्गला लेकीकडे येऊन मला वीस-बावीस दिवस झाले असतील. लेक-जावई ऑफिसला गेले की दिवसभर माणूस दृष्टीस पडायचं नाही. इतक्या दिवसांनी कुणी मराठीत हाक मारली, तर ती अशी. मी खाली बघितलं. रस्ता कोरडा ठणठणीत. तरी मी डबा घेऊन मुकाट्याने मागे सरले. अनोळखी माणसाशी वाद कशाला घाला?

समोर पंचाहत्तरीचा एक उंच, वाळका माणूस उभा होता. पांढरा शर्ट, वर हाताने विणलेला तपकिरी स्वेटर, आणि खिशाला पेन असतं तिथे स्टीलची सहा इंची पट्टी.

"डोनाऊ," रस्त्याकडे हात करून ते म्हणाले. "लोक डॅन्यूब म्हणतात. तुम्ही म्हणू नका."

मी तसंही म्हणणार नव्हतेच.

आमची वस्ती म्हणजे एकसारख्या दिसणाऱ्या चाळीस-पन्नास घरांच्या रांगा. मी स्वतः दोनदा चुकून दुसऱ्याच्या दाराला किल्ली लावली आहे. मध्ये क्लबहाउस, एक टेनिस कोर्ट, पत्रपेट्यांची रांग आणि एक तळं. भाऊ आमच्यापासून चार घरं सोडून, मुलगा सागर आणि सून प्राजक्ता यांच्याकडे राहायचे. चिंचवडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये त्यांनी छत्तीस वर्षं काढली. टूलरूम म्हणजे जिथे मशीनचे बारीक, अचूक भाग बनवतात ती जागा, हेही त्यांनीच मला सांगितलं. तरुण असताना कारखान्याने त्यांना एक नवं ग्राइंडिंग मशीन शिकायला तीन महिने जर्मनीला पाठवलं होतं. त्या तीन महिन्यांत एका रविवारी ते पहाटेच्या गाडीने रेगेन्सबुर्ग नावाच्या जुन्या शहरात गेले, दिवसभर पायी फिरले आणि संध्याकाळी परत आले.

बस. एवढंच. एक दिवस. चाळीस वर्षांपूर्वीचा.

तो दिवस ते आमच्या वस्तीत रोज फिरायचे. पत्रपेट्यांची रांग म्हणजे तिथलं मोठं चर्च. तिच्या दोन बाजूंचे दिव्याचे खांब म्हणजे चर्चचे दोन मनोरे. टेनिस कोर्टाचं जाळीचं दार म्हणजे रोमन लोकांनी बांधलेली वेस. क्लबहाउस म्हणजे टाऊन हॉल. घरांच्या दोन रांगांमधली फरसबंद वाट म्हणजे सोनारांची गल्ली, 'इतकी अरुंद की समोरच्या खिडकीतल्या बाईने आपल्या हातात मीठ द्यावं.' आणि रस्ता ओलांडायचे पांढरे पट्टे म्हणजे दगडी पूल. आठ-नऊशे वर्षांचा.

एकदा मी धीर करून विचारलं, "भाऊ, आपल्याकडे खरंखुरं तळं आहे, बदकं आहेत. मग नदी तिकडे का नाही घेतली?"

"दिशा चुकते, ताई. नदी शहराच्या उत्तरेला पाहिजे. पाणी आहे म्हणून नदी कुठेही नेता येत नाही."

सामान पोचवणारी मोठी गाडी रस्त्यावर आली की ते हात आडवा करून आम्हाला थांबवायचे. "जहाज जाऊ द्या."

आम्हाला म्हणजे मला आणि बोंडे काकांना. बोंडे काका अमरावतीचे, मुलीकडे सहा महिन्यांसाठी आलेले. सकाळी साडेनऊला आम्ही तिघं निघायचो. भाऊंच्या हातात एक मळकट पुठ्ठ्याचं कार्ड असायचं. कारखान्यात एखादा भाग बनवताना कोणतं काम किती वाजता, किती मिनिटांत करायचं याचं कार्ड असतं म्हणे. तसंच त्यांनी त्या दिवसाचं केलं होतं. नऊ चाळीसला चर्च. दहा पंचवीसला वेस. अकराला बाजारचौक, तिथे एका बाकावर बसून उकडलेली दोन अंडी खाल्ली. आमच्या वस्तीत तो बाक टेनिस कोर्टाजवळ होता आणि भाऊ खरोखर खिशातून दोन अंडी काढायचे. बरोबर अकराला. अकराला एक मिनिट कमी असेल तर अंडं हातात धरून थांबायचे.

"खा की आता," बोंडे काका म्हणायचे. "अंडं काय घड्याळ पाहते?"

"मी पाहतो ना," भाऊ म्हणायचे.

त्यांची बोलण्याची तऱ्हाच वेगळी. जगातली प्रत्येक गोष्ट एकतर 'ओके' नाहीतर 'रिजेक्ट'. ढगाळ हवा रिजेक्ट. शेजाऱ्याचा नवा कुत्रा ओके. प्राजक्ता बिचारी ऑफिसचं करून पोळ्या करायची आणि विचारायची, "बाबा, झाल्यात का बऱ्या?" तर हे पोळी उचलून उजेडात धरणार आणि म्हणणार, "मर्यादेत आहेत." ती माझ्याकडे बघून हसायची. "मावशी, हे कौतुक आहे बरं का. लग्नात मला पहिल्यांदा बघून पण हेच म्हणाले होते."

पत्रपेट्यांसमोर उभं राहून ते रोज मान वर करून पाच मिनिटं आकाशाकडे बघायचे. मनोरे बघायला तेवढा वेळ लागला होता म्हणून. समोरच्या घरातली लिंडा नावाची गोरी बाई एकदा बाहेर येऊन काहीतरी विचारायला लागली. मला इंग्रजी कळेना, मी घाबरून बोंडे काकांच्या मागे गेले. भाऊ तिला शांतपणे म्हणाले, "चर्च. टू टॉवर्स." लिंडाने वर बघितलं. मग तीही आमच्याबरोबर पाच मिनिटं वर बघत उभी राहिली आणि "ब्यूटिफुल" म्हणून आत गेली. भाऊंनी तिला तिथल्या तिथे ओके करून टाकलं.

असं सगळं बारा चाळीसपर्यंत चालायचं. बारा चाळीसला आम्ही क्लबहाउससमोर, म्हणजे टाऊन हॉलसमोर असायचो. आणि इथे भाऊ थांबायचे. कार्ड खिशात घालायचे, "चला" म्हणायचे आणि घरी जायचे. ते परत बाहेर यायचे ते थेट दीड वाजता, पुलावर.

मधल्या वेळाचं काय, हे बोंडे काकांनी पहिल्याच आठवड्यात विचारून घेतलं.

"मधलं माहीत नाही," भाऊ म्हणाले. "टाऊन हॉलच्या घड्याळात बारा चाळीस झाले होते, मी माझं घड्याळ लावून घेतलं, तेवढं पक्कं आहे. पुलावर एका म्हाताऱ्या जर्मनाने मला वेळ विचारली, मी सांगितली, दीड. तेही पक्कं आहे. टाऊन हॉलपासून पूल सहा मिनिटांवर. उरली चव्वेचाळीस मिनिटं. त्या चव्वेचाळीस मिनिटांत मी कुठे होतो, ते आठवत नाही."

"संडासले गेले असान," बोंडे काका म्हणाले.

"ते धरलंय. सात मिनिटं. तरी सदतीस उरतात."

बोंडे काका इतके हसले की त्यांना खोकला लागला. मीही पदर तोंडाला लावला. भाऊ हसले नाहीत. रागावलेही नाहीत. त्यांनी खरोखर ते धरलं होतं.

मग तो आम्हाला खेळच झाला. बोंडे काका रोज नवं काही सुचवायचे. भाऊ, बिअर प्यायला गेला असाल. "पीत नाही." एखादी गोरी दिसली असेल. "दिसल्या. थांबलो नाही." चर्चमध्ये परत गेला असाल, छत्री विसरली म्हणून. "छत्री नव्हती. ऊन होतं." प्रत्येक उत्तर ते विचार करून द्यायचे, टाळायचे नाहीत. कधी कधी संध्याकाळी एकटेच क्लबहाउसपासून पांढऱ्या पट्ट्यांपर्यंत वेगवेगळ्या वाटांनी चालून बघायचे. आज या गल्लीतून, उद्या त्या. मधेच थांबायचे, डोकं हलवायचे, परत मागे जायचे. लांबून वाटावं, या माणसाची किल्ली हरवली आहे.

प्राजक्ताने एकदा टीव्हीवर ते गाव काढून दाखवलं. आजकाल म्हणे जगातला कुठलाही रस्ता घरबसल्या दिसतो. मीही तेव्हा तिथे होते. खरंच तो पूल होता, तेच दोन मनोरे होते, आणि आमच्या पत्रपेट्यांपेक्षा ते पुष्कळ मोठे होते. भाऊ दोन मिनिटं बघत राहिले. मग उठले.

"काय झालं, बाबा?"

"सगळं रंगवून ठेवलंय," ते म्हणाले आणि वर निघून गेले.

सागरने तर भारतात जाताना मध्ये एक दिवस तिथे उतरायचं सुद्धा ठरवलं होतं. भाऊंनी ते कॅन्सल करायला लावलं. "तिथे आता जाऊन काय करू? मला ते शहर नको आहे. मला तो दिवस पाहिजे."

हट्टी म्हातारा, असं सागर म्हणाला. मलाही तसंच वाटलं होतं.

मार्चमध्ये बोंडे काका परत गेले. जाताना भाऊंना म्हणाले, "सापडली तर फोन करा हो, तुमची मिनिटं." आम्ही दोघंच राहिलो. मी फार बोलत नाही आणि भाऊंना बोलणारं कुणी लागत नसे, त्यामुळे आमचं बरं चाललं होतं. एप्रिलमध्ये सागरला दुसरी नोकरी लागली. अ‍ॅशबर्नला, लांबच्या दुसऱ्या राज्यात, कसल्याशा डेटा सेंटरमध्ये. घर विकायला काढलं. जूनच्या पहिल्या शनिवारी ट्रक येणार असं ठरलं.

त्यानंतर भाऊ बदलले. फिरणं तेच, पण अंडी खाताना लक्ष नसायचं. एकदा जहाज येतंय हे त्यांना दिसलंच नाही, मीच त्यांची बाही ओढली. सारखं तोंडातल्या तोंडात चालायचं, "वीस दिवस राहिले... सतरा राहिले." मी म्हटलं, "भाऊ, नव्या ठिकाणीही मांडता येईल की हे सगळं. तिकडेही पत्रपेट्या असतीलच."

"असतील. पण इथे बसवायला मला तीन वर्षं लागली, ताई. परत तीन वर्षं..." पुढचं मला कळलं. माझंही वय झालं आहे.

मे महिन्यात एके दिवशी क्लबहाउसशी पोचलो आणि पावसाची मोठी सर आली. आम्ही वळचणीला उभे राहिलो. बारा चाळीस झाले होते. भाऊंना घरी जाता येईना. मी बघितलं, ते घड्याळाकडे बघत होते.

"तुम्ही कुणाशी बोलत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो," ते म्हणाले. "मला चव्वेचाळीस मिनिटं नकोतच. मला फक्त एक वाजता मी कुठे होतो ते पाहिजे."

मग त्यांनी सांगितलं. सगळं मिळून दहा वाक्यं असतील. सागरच्या आधी त्यांना एक मुलगी होती, मंजू. भाऊ जर्मनीत होते तेव्हा पाच वर्षांची. तिला ताप आला. परदेशात माणसाला घोर नको म्हणून बायकोने, शालनवहिनींनी, पत्रात कळवलं नाही. ताप मेंदूत गेला. त्या रविवारी, आपल्याकडे दुपारी साडेचारला, मंजू गेली. आपल्याकडे साडेचार म्हणजे तिथे एक. तार आली तेव्हा भाऊ राहायच्या जागी नव्हते. ते रेगेन्सबुर्गला होते. संध्याकाळी परतले तेव्हा हातात पडली. घरी पोचायला पाच दिवस लागले. तोवर सगळं उरकलं होतं.

"महिनाभराने शालनने विचारलं. भांडून नाही, साधं विचारलं. ती गेली तेव्हा तुम्ही काय करत होता? मी म्हटलं, मला आठवत नाही. ती म्हणाली, सकाळी काय खाल्लं ते आठवतं, कुठल्या चर्चला किती मनोरे ते आठवतं, आणि हेच आठवत नाही?"

पाऊस वाढला होता. नदीतून गाड्या पाणी उडवत चालल्या होत्या.

"तिला वाटलं मी लपवतोय. काहीतरी मजा करत होतो, म्हणून सांगत नाही. परत कधी विचारलं नाही तिने. बत्तीस वर्षं आम्ही एका घरात राहिलो त्यानंतर. सागर झाला, घर झालं. कधीच विचारलं नाही. मी रोज वाट बघायचो, विचारेल. आता जाऊन तिलाही आठ वर्षं झाली."

मग म्हणाले, "आणि खरंच मजा करत असेन तर? हसत असेन कुणाशी? आईस्क्रीम खात असेन? ते आठवलं तर काय करायचं, तेही मी ठरवलेलं नाही."

सर थांबल्यावर आम्ही आपापल्या घरी गेलो. त्या रात्री जेवताना लेक म्हणाली, "आई, आज काय झालं? गप्प का?" मी रोजच गप्प असते, पण लेकींना फरक कळतो. मी काही सांगितलं नाही. बोंडे काकांबरोबर हसले होते ते मात्र आठवत राहिलं.

ट्रक शनिवारी चारला यायचा होता. शुक्रवारी भाऊ मला म्हणाले, "उद्या शेवटचा दिवस. उद्या मी बारा चाळीसनंतर घरी जाणार नाही. तिथेच राहीन. बघू काय होतं ते."

"मी येते," मी म्हणाले. मी आपणहून असं कुणाला म्हटल्याचं मला आठवत नाही.

शनिवारी सकाळी त्यांच्या घराच्या दारात खोक्यांचा डोंगर होता. प्राजक्ता चिकटपट्टी दातांनी तोडत होती. "मावशी, बघा ना, बाबा पहाटे तीनपासून उठून खोकी बांधतायत. प्रत्येक खोक्याची लांबी-रुंदी लिहून चिकटवलीय. झोपा म्हटलं तर ऐकत नाहीत, यार. आणि आता म्हणे फिरायला."

"साडेनऊ झाले," भाऊ म्हणाले.

आम्ही निघालो. चर्च केलं. लिंडा खिडकीतून हात हलवून गेली. वेस केली, बाजारचौक केला. अंडी नव्हती, कारण स्वयंपाकघर खोक्यांत गेलं होतं. भाऊ अकराला बाकावर नुसते बसले आणि उठले. सोनारांच्या गल्लीतून दोनदा गेलो. ऊन छान पडलं होतं. भाऊ पाय ओढत चालत होते. मी डब्यात भाकरी आणि लसणाची चटणी घेतली होती, पण ते नको म्हणाले, "बारा चाळीसनंतर."

बारा चाळीसला टाऊन हॉल. त्यांनी घड्याळ बघितलं. मग त्यांना कुठे जावं कळेना. उजवीकडे दोन पावलं गेले, परत आले. शेवटी क्लबहाउसच्या मागे मेपलच्या झाडाखाली एक बाक आहे, तिथे गेले.

"इथे बसू. पाय दुखतात."

मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. भाऊ समोर बघत होते. तोंडाने काहीतरी पुटपुटत होते. जरा वेळाने पुटपुटणं थांबलं. मी वळून बघितलं तर त्यांची मान मागे टेकली होती, तोंड उघडं होतं.

मी त्यांना उठवणार होते. त्यासाठीच तर ते थांबले होते, एक वाजायची वाट बघत. मी हात पुढे केला आणि मागे घेतला. पहाटे तीनपासून जागलेला माणूस. एक वाजला. माझ्या घड्याळात वाजला आणि गेला. बदकं चरत चरत आमच्या पायापर्यंत आली आणि गेली. मी डब्याचं झाकण धरून बसून राहिले.

एक वीसला त्यांनी डोळे उघडले. तोंड पुसलं, उभे राहिले, कार्ड काढलं. "चला, ताई, पुलावर जायला अजून खूप..." असं म्हणत त्यांनी घड्याळ बघितलं. परत बघितलं. कानाला लावलं.

"हे पुढे गेलंय," ते म्हणाले. "आत्ता तर बसलो. बारा पंचेचाळीस होते. मधला वेळ कुठे गेला?"

त्यांनी कधी नव्हे ते माझ्याकडे उत्तरासाठी बघितलं. मी मान खाली घातली. सांगावं की नाही, सांगितलं तर या माणसाचं काय होईल, काही कळत नव्हतं. बाप झोपला होता, हे ऐकायला बरं की वाईट? मग मला वाटलं, एका बाईने एकदा विचारलं होतं, आणि तिला कुणीच उत्तर दिलं नाही.

"भाऊ, तुम्ही झोपला होता," मी म्हणाले.

"मी? छे. डोळे मिटून बसलो होतो."

"अर्धा तास झोपला होता. तुम्हाला कळलंही नाही. आणि उठून तुम्ही सरळ पुलाकडे निघालात."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग हळूच बाकावर बसले, जणू बाक गरम आहे. कार्ड उलटसुलट करत होते.

"आदल्या दिवशी मशीनची ट्रायल होती," ते शेवटी म्हणाले. ते माझ्याशी बोलत नव्हते. "उशिरापर्यंत चालली. पहाटेची गाडी चुकेल म्हणून मी झोपलोच नाही. खुर्चीत बसून राहिलो. नदीकडे उतार होता. गवताचा. लोक पडले होते उन्हात." त्यांनी कार्ड खिशात घातलं. "संध्याकाळी मी राहायचो तिथल्या घरमालकिणीने तार दिली. मी वाचली आणि उभा राहिलो. तिला जर्मनशिवाय काही येत नव्हतं, मला काय बोलणार? ती मागे आली आणि माझा कोट झाडायला लागली. मला तेव्हा राग आला होता, ताई. मेली कोट काय झाडते? गवत होतं पाठीला. खाली फरशीवर पडलं. सुकं गवत."

त्यांनी हाताचे तळवे गुडघ्यांवर पालथे ठेवले.

"झोपलो होतो," ते म्हणाले. "एवढंच होतं शालनला सांगायला. झोपलो होतो."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसत नव्हते. मी दुसरीकडे बघितलं. मग ते म्हणाले, "आत्ता घोरत होतो का?"

"थोडंसं."

"मंजू नाक धरायची. मी घोरायला लागलो की दोन बोटांनी नाक धरायची आणि मी गुदमरून उठलो की खदखदून हसायची. शालन ओरडायची तिला." ते हसले. "त्या दिवशी मला कुणी उठवलं नाही, ताई."

दीड वाजला. रस्त्यावरचे पांढरे पट्टे बाकावरून दिसतात. भाऊंनी तिकडे बघितलं, पण उठले नाहीत. मी डबा उघडला, अर्धी भाकरी त्यांच्या हातावर ठेवली. ते खाऊ लागले. खाता खाता सांगू लागले. मंजू अंधाराला भीत नसे, पण कोंबडीला फार भ्यायची. चाळीत शेजारणीची एक कोंबडी होती, तिच्यामुळे मंजू बाहेर पडायची ती बापाच्या खांद्यावर बसून. भात खायची नाही, नुसती तळाची करपलेली खरवड मागायची. बापाला 'बाबा' न म्हणता शेजाऱ्यांसारखं 'साळुंखे' म्हणायची, पण 'ळ' म्हणता येत नसे म्हणून त्याचं 'सायुंखे' व्हायचं. इतके महिने मी त्यांच्याबरोबर फिरले, त्या मुलीच्या मरणाची वेळ मला मिनिटासकट पाठ होती, पण ती कशी होती हे मी पहिल्यांदा ऐकत होते.

पावणेदोनला सागर क्लबहाउसच्या कोपऱ्यावरून हाका मारत आला. "बाबा, ट्रकवाले लवकर आलेत! चला, आपलं वरचं कपाट खाली आणायचंय."

"येतो," भाऊ म्हणाले.

ते उठले नाहीत. त्यांनी सागरला हाताने खुणावून बाकावर बसायला सांगितलं, मध्ये, आमच्या दोघांच्या. सागर गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. मी सरकून जागा केली.

"बस," भाऊ त्याला म्हणाले. "तुझ्या बहिणीची एक गोष्ट सांगतो."